बोरॉनला मत नसतं

मोंरोक, १४ मार्च

इझोर,

वर 'प्रिय' लिहायचं राहून गेलेलं नाही. मुद्दामच लिहिलेलं नाही.

काल ओर्नेव्हालच्या सभागृहात तुझ्या नाटकाला टाळ्या पडल्या. एक म्हातारा तर हसून हसून खोकायला लागला. साखरेचा खडा पाण्याच्या पेल्यात टाकलास, ढवळलास, पेला दिव्याकडे धरलास आणि मंचावर बसलेल्या मला विचारलंस, "मादाम, हीच का तुमची काच?"

साखरेचं मला काही वाटलं नाही. तो मूर्खपणा होता, आणि मूर्खपणाला उत्तर देता येतं. पण मादाम? आणि 'तुमची'? ज्या बाईला तू जन्मापासून 'ए आई' म्हणून हाका मारल्यास, तिला भर सभेत 'तुम्ही' म्हणताना तुझी जीभ जराही अडखळली नाही.

फाब्रेग माझ्या शेजारीच बसला होता. वाकून कानाशी म्हणाला, "ओदील, ती तुझीच ना?"

म्हटलं, "माझीच."

"चुणचुणीत आहे."

अणुकचरा पुरणाऱ्या एजन्सीच्या निळ्या पत्रकाने वारा घेत होता आणि गालात हसत होता. समोरचा पाण्याचा जग त्याच्या डोक्यावर ओतावासा वाटला. उद्या लोक म्हणतील, प्रयोगशाळेच्या प्रमुखाला लेकीने नव्हे, आईने भिजवलं, म्हणून हात आवरला.

आता ऐक. तिथे तुम्ही आंदोलकांनी मला बोलू दिलं नाहीत. शिट्ट्या वाजवल्यात.

अणुभट्टीतलं जळून उरलेलं, सगळ्यात जहाल असतं ते काचेच्या रसात मिसळतात आणि पोलादी डब्यात ओततात. थिजलं की काळी काच होते. ती खिडकीच्या काचेसारखी नसते, तिच्यातून काहीच दिसत नाही. हे डबे तुमच्या गावाखाली, मातीच्या जाड थरात, बोगद्यांमध्ये ठेवायचे असं ठरतंय. कधीतरी, तू-मी आणि आपली भाषाही उरलेली नसेल तेव्हा, पोलाद गंजेल आणि पाणी काचेला लागेल. मग काय होईल? हे शोधण्यात माझं आयुष्य गेलं.

तर असं होतं. पाणी आधी काचेतला बोरॉन आणि सोडियम उचलून नेतं. सिलिकॉन मात्र बराचसा मागेच राहतो आणि काचेच्या अंगावर त्याची एक साय धरते. पाणी सिलिकॉनने भरत जातं, पुरतं भरलं की त्याला आणखी नको होतं. पाणी साचलेलं असलं तर विरघळणं मंदावतं. साधंसुधं नाही, हजारपटीने मंदावतं. साखरेला साय धरते का गं? अर्धी साखर विरघळली म्हणून उरलेली अर्धी कधी थांबते का?

माझ्या भट्टीत लोखंडी भांडी आहेत. त्यांत काच आहे, पाणी आहे, ओर्नेव्हालच्याच पोटातून काढलेली माती आहे. त्यातली काही तू शाळेत जायला लागायच्या आधीपासून तापताहेत. लहानपणी तू त्यांना 'आईचं स्टू' म्हणायचीस. त्या स्टूवर तू काल थुंकलीस.

तुझी आई. मादाम दुसऱ्या कुणाला म्हण.


मोंरोक, २२ एप्रिल

इझोर,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पुढे तुमच्या गावच्या चर्चचं चित्र, मागे एवढंच: 'काच विरघळते की नाही? हो किंवा नाही.'

पोलीस चौकीत बसवून विचारतात तसं विचारते आहेस. बरं, घे उत्तर: हो. विरघळते. जगात न विरघळणारी काच नाही. रोमन लोकांची जहाजं आपल्या दक्षिणेच्या समुद्रात बुडाली, त्यांतल्या काचेवरही साय आहे. मी ती भिंगाखाली पाहिली आहे. आत काच तशीच्या तशी आणि वर कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर. विरघळली, आणि तरीही अजून आहे. हे एका शब्दात कसं सांगू? तुला एकच शब्द हवा, फाब्रेगलाही एकच हवा. फक्त तुमचे शब्द वेगळे. त्याने पत्रकावर छापलं, 'काच: कायमचं कुलूप'. ते वाचून मी त्याच्या खोलीत गेले आणि विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"जाहिरात विभागाने."

"कुलूप नाही ते. फार हळू उघडणारं दार आहे."

"ओदील, दार म्हटलं की लोक घाबरतात."

"मग घाबरू देत ना. त्यांच्या गावाखाली ठेवताय."

यावर त्याने मला कॉफी मागवली. फाब्रेगकडे उत्तर नसलं की कॉफी येते.

मादाम त्यूर्लोंनी फोन केला होता. तुमच्या गावात त्यांचं कॅफे आहे आणि एकेकाळी माझ्यासाठी त्यांनी चांगली खोली शोधून दिली होती, एवढीच आमची ओळख. पण बाई फोनवर बोलायला लागली की गावाचं वर्तमानपत्रच वाचल्यासारखं होतं. म्हणाल्या, तुम्ही आंदोलक मिळून राहता त्या घरात पोलीस पहाटे शिरले आणि स्वयंपाकघर उलथंपालथं केलं. मिराबेल प्लमच्या मुरंब्याच्या बरण्यासुद्धा उघडून पाहिल्या म्हणे! मुरंब्यात काय सापडणार होतं त्यांना? रस्ता अडवला म्हणून खटला भरायचा तर भरा, पण बरण्या? मी जिल्हाधिकाऱ्यांना खरमरीत पत्र टाकलं आहे. तुझ्या बाजूने नाही, मुरंब्याच्या बाजूने.

थंडी आहे का अजून? इथे वारा सुटलाय, तीन दिवस झाले, खिडक्या नुसत्या आपटताहेत.

कामाचं ठीक आहे. एका भांड्याचे आकडे जरा विचित्र येताहेत. विशेष काही नाही.

आई


मोंरोक, ९ जून

इझोर,

विशेष काही आहे.

मागे लिहिलं ना, विचित्र आकडे. पुन्हा मोजले. मग दुसऱ्या यंत्रावर मोजले. मग स्वतःवरचा विश्वास उडाला म्हणून धाकट्या सहकाऱ्यांना कशाचं ते न सांगता त्यांच्याकडून मोजून घेतले. तेच.

सांगते. बोगद्यांना आतून काँक्रीटचं अस्तर असणार. म्हणून फार पूर्वी मी काही भांड्यांत मातीबरोबर काँक्रीटचा चुरा टाकला होता. फाब्रेगने तेव्हाच नाक मुरडलं होतं. काँक्रीटमुळे पाणी खारं-कडवट होतं, साबणाच्या पाण्यासारखं. तरी काच शांत झाली होती. इतर भांड्यांसारखीच साय धरून वर्षानुवर्षं निवांत. आणि आता बोरॉन पुन्हा चढायला लागलाय. बोरॉन पाण्यात आला याचा अर्थ काच विरघळली, त्याला दुसरा अर्थ नाही. आणि हे हळूहळू नाही, पहिल्या दिवसांसारखं झपाट्याने.

भांडं उघडलं. काचेवर पांढरे स्फटिक उगवलेत, दव गोठल्यासारखे. दिसायला इतके सुंदर की आधी मी नुसती बघतच राहिले. हे स्फटिक पाण्यातला सिलिकॉन खातात. पाणी पुन्हा भुकेलं होतं आणि काचेकडे वळतं. साय टिकत नाही.

फाब्रेगला दाखवलं. तो मूर्ख नाही, तुला तसं वाटत असेल तर तो तुझा गैरसमज. त्याला एका नजरेत कळलं. आणि कळल्यावर तो म्हणाला, "झाकण गळलं असेल."

"झाकण गळलं असतं तर पाणी कमी भरलं असतं. पाणी तितकंच आहे."

"भट्टी नव्वद अंशांवर आहे. जमिनीखाली पाणी काचेपर्यंत पोचेल तेव्हा त्याच्या निम्मीही उष्णता नसेल."

"बरोबर आहे."

"मग?"

"मग ते लिही ना! आकडे लिही आणि बाजूला हेही लिही, की उष्णता जास्त होती. काँक्रीट काचेपासून किती लांब ठेवायचं ते ठरवा. त्यासाठीच तर भांडी उकळत ठेवली आपण."

"अहवाल जुलैत तपासणी समितीकडे जायचाय, ओदील. आता काही घुसवायचं म्हणजे सगळं पुन्हा तपासा. परिशिष्टात टाकू."

मी परिशिष्टाला कबूल झाले. दुसऱ्या आठवड्यात परिशिष्टाचा मसुदा आला. त्यात ते भांडंच नाही. आलेखावर रेघ छान सपाट चालली आहे, आणि जिथे ती वर वळते तिथे कागद संपतो.

हे मी तुला का लिहिते आहे, मला ठाऊक नाही. घरात मांजरही नाही, म्हणून असेल. पण एक ऐक. हे तुझ्या मंडळींना सांगायचं नाही. सांगितलंस तर उद्या गावच्या प्रत्येक भिंतीवर साखरेचा खडा रंगवतील आणि माझं भांडं त्या खड्याखाली गाडलं जाईल. ते भांडं खोटं नाही आणि साखरही नाही. त्याचं काय करायचं ते मी ठरवीन. मी, कळलं?

आई


मोंरोक, ३० जून

इझोर,

आज फाब्रेग दार लावून घेऊन म्हणाला, "तुझी मुलगी त्या गावात बसलीय. हे भांडं नेमकं आत्ताच बिघडतं. लोक काय म्हणतील, याचा विचार कर."

तो म्हणाला असं! माझ्या तोंडावर! म्हणजे मी काय, तुझ्यासाठी काचेला फितवलं? भट्टीच्या तोंडाशी जाऊन तिच्या कानात सांगितलं, की विरघळ गं बाई, माझ्या पोरीचा खटला चालू आहे?

मी उठले. कॉफी तशीच ठेवली.

सप्टेंबरात तुमच्या सभागृहात उघड सुनावणी आहे, कुणीही नागरिक बोलू शकतो. मी नाव नोंदवलं आहे. 'प्रयोगशाळा' हा रकाना कोरा ठेवला.

आई


मोंरोक, २३ सप्टेंबर

इझोर,

तू मागे दाराशी उभी होतीस. तिथून किती ऐकू आलं कोण जाणे. ध्वनिक्षेपक कुरकुरत होता आणि म्हातारी मंडळी स्वतःशीच मोठ्याने बोलत होती. शिवाय मी संपवल्यावर तू दिसली नाहीस. म्हणून लिहिते.

मी सांगितलं ते एवढंच. काच पाण्यात विरघळते, पण अतिशय हळू, आणि हे फार मोठं सुख आहे. तुमच्या गावाखालची माती चांगली आहे, पाण्याला जवळजवळ हलू देत नाही. पण काँक्रीटचं पाणी काचेला लागलं तर हे हळूपण मोडू शकतं. माझ्या एका भांड्यात ते मोडलं. प्रत्यक्षात मोडेलच का, मला माहीत नाही. हे भांडं अहवालात असायला हवं होतं, आणि ते नाही.

एजन्सीच्या रांगेतून तो गुळगुळीत माणूस उठला. "हे मादामचं वैयक्तिक मत आहे. त्या आज प्रयोगशाळेच्या वतीने आलेल्या नाहीत."

मी म्हटलं, "बोरॉनला मत नसतं हो. तो पाण्यात असतो किंवा नसतो. तुम्ही या, मी भांडं दाखवते, स्वतः मोजा."

मग तुझ्या मंडळींनी टाळ्या सुरू केल्या, पाय आपटले, 'शाब्बास' काय, 'बघा, कबूल केलं' काय! इझोर, त्या टाळ्यांनी माझ्या अंगाची जितकी आग झाली तितकी मार्चमधल्या शिट्ट्यांनीही झाली नव्हती. कबूल? मी चोर आहे का कबूल करायला? मी ओरडले, "टाळ्या बंद करा! तुमच्या सोयीचं बोलले म्हणून वाजवताय. मातीचं चांगलं सांगितलं तेव्हा कुठे होते तुमचे हात?"

तिबो नावाचा तो शेतकरी, दाढीवाला, पुढच्या बाकावरून म्हणाला, "बाई, ते सगळं असू द्या. माझ्या गुरांनी विहिरीचं पाणी प्यावं की नाही?"

"पाजा. उद्याही पाजा. तुमचे नातू-पणतूही पाजतील."

"आणि त्यांचे पणतू?"

"ते मला माहीत नाही."

"मग कुणाला माहीत आहे?"

"आज कुणालाच नाही. माहीत आहे असं जे म्हणतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका."

तो खाली बसला. मला वाटतं, त्या सगळ्या गर्दीत तेवढा एकच माणूस नीट ऐकत होता, आणि त्याचं समाधान मात्र मी करू शकले नाही.

बाहेर तुझ्या घरावर फलक होता: 'शास्त्रज्ञच म्हणतात, काच म्हणजे साखर.' खाली माझं नाव. मी म्हणाले असं? कधी? फाब्रेग रेघ कापतो, तुम्ही वाक्य कापता. कात्री तीच!

सोमवारी कामावर गेले तर माझं ओळखपत्र भट्टीच्या दाराला चालेना. मला ग्रंथालयात बसायला सांगितलंय, जुने अहवाल लावायला. भट्टी 'काटकसरीसाठी' बंद करण्याचा प्रस्ताव आहे. एवढी वर्षं तापत आलेली भांडी एका बटणाने थंड करायची! एकदा थंड झाली की संपलं, पुन्हा पेटवून काही उपयोग नाही. प्रश्न विचारणारी बाई गप्प करता येत नाही म्हणून प्रश्नच विझवायचा. मी फाब्रेगला जिन्यात गाठलं आणि म्हटलं, "तू बटण दाबलंस, तर दाबणाऱ्याचं नाव मी प्रत्येक सुनावणीत घेईन. मी मरेपर्यंत. आणि माझी आजी शहाण्णव वर्षं जगली होती."

त्याने कॉफीबद्दल काही विचारलं नाही.

आई


मोंरोक, १२ ऑक्टोबर

इझोर,

तू माझ्यापासून लपवून ठेवलंस आणि मला ते मादाम त्यूर्लोंच्या तोंडून कळावं?

त्यांनी काल फोन केला. आधी पाऊस, मग पावाच्या किमती, मग एकदम, "तुमची पोर आता ब्रेडवाल्याच्या माडीवर राहते, ठाऊक असेलच." मला काय ठाऊक! मी म्हटलं, का? भांडली का कुणाशी?

"भांडायचं कशाला, त्या घरातल्यांनीच बाहेर काढली. सुनावणीच्या रात्री विचारलं तिला, तुला आधीपासून ठाऊक होतं का? तर म्हणाली, जूनपासून. झालं! अख्खा उन्हाळा हातात एवढं हत्यार असून गप्प बसलीस, म्हणाले. तिच्या पेट्या अंगणात. तिने तो फलकही उतरवला होता ना, शिडी लावून. त्यावरूनही वाजलं."

मी त्यांना सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

घरातल्यांनी तुला विचारलं, का नाही सांगितलंस? आणि तू म्हणालीस म्हणे, "ते भांडं तिचं होतं."

इझोर, मी संतापले आहे. आधी त्या लोकांवर. थंडीत ज्यांच्यासाठी लाकडं फोडलीस, ज्यांच्यासाठी कोर्टात उभी राहिलीस, त्यांना एक मुलगी दिलेला शब्द पाळते हे सहन होत नाही? सत्यासाठी लढतो म्हणतात, आणि सत्य अजून पिकलेलं नाही म्हणून कुणी थांबलं तर तिच्या पेट्या अंगणात! मी येऊन त्यांना चार शब्द सुनावणार आहे. त्यांनी फलकाखाली माझं नाव घातलं, तेव्हा माझं बोलणंही त्यांना ऐकावंच लागेल.

मग तुझ्यावर. सुनावणीच्या रात्री मी गावातच होते. कॅफेच्या वरच्या खोलीत मी झोपले होते आणि तिकडे त्या घराच्या अंगणात तुझ्या पेट्या भिजत होत्या. दार का नाही ठोठावलंस? मान खाली गेली असती?

तू इथे येणार नाहीस, हे मादाम त्यूर्लोंनी न विचारताच सांगितलं. "ती म्हणते, मी मित्रांसाठी इथे राहत नव्हते." बरोबर आहे. येऊ नकोस. मी 'ये' म्हणणारही नाही.

इकडची बातमी. तपासणी समितीने पत्र पाठवलंय. फाब्रेगला नाही, मला, आणि त्याची प्रत फाब्रेगला. भट्टी बंद करायची नाही. काँक्रीटवाली भांडी पुन्हा लावायची, या खेपेला कमी उष्णतेवरही, आणि इथल्याबरोबर बेल्जियमच्या प्रयोगशाळेतही. काम माझ्याकडे येणार नाही. तेवढा उदारपणा कुणाला सुचलेला नाही. फाब्रेगची बढती झाली, तो पॅरिसला जातोय. जाताना ग्रंथालयात आला आणि म्हणाला, "तू जिंकलीस, ओदील."

मी म्हटलं, "काय जिंकले? निकाल यायला मी असेन का?"

"असशील. तुझी आजी शहाण्णव वर्षं जगली ना."

हसला. मीही हसले, नाही म्हणत नाही. पण त्याने भांडं लपवलं होतं आणि तो पॅरिसला चाललाय, मी दाखवलं आणि मी धूळ झाडते आहे. यात विनोद कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

नोव्हेंबरात पुढची सुनावणी. मी पुन्हा नाव दिलंय. शनिवारच्या गाडीने येते. ब्रेडवाल्याच्या माडीवर दुसरा पलंग असेल तर सांग, नसेल तर मी जमिनीवर झोपेन. माझ्या पाठीची काळजी तू करू नकोस.

आणि एक काम कर. या वेळी मागे दाराशी उभी राहू नकोस. पुढे बैस, तिबोच्या शेजारी. माझं बोलून झालं की उठ आणि मला प्रश्न विचार. मंचावर मला घाम फुटेल असा विचार, ज्याचं उत्तर माझ्याकडे नाही असा. मुलगी म्हणून सांभाळून घेऊ नकोस. मी सगळ्यांसमोर 'माहीत नाही' म्हणेन.

आणि तेव्हा सभागृहात कुणी हसलं, एजन्सीचं असो नाहीतर तुझ्या त्या घरातलं, तर त्याची माझ्याशी गाठ आहे.

आई